भाजलेल्या देहास पाणी किती व कोणतें?

हातावर तेलाचा शिंतोडा उडणें ही प्रत्येक स्वयंपाकघरांतील गोष्ट आहे. तिच्याविषयीं आज आम्हांस कांहीं सांगावयाचें नाहीं. परंतु अंगाचा पंचवीस-तीस टक्के भाग भाजला म्हणजे तो विकार केवळ कातडीचा राहत नाहीं, सबंध देहाचा होतो. आणि अशा वेळीं शिरेंतून दिल्या जाणाऱ्या पाण्याविषयीं सुशिक्षित घरांतूनही चुकीच्या कल्पना आढळतात. सुश्रुतसंहितेंत दग्धाचे प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध व अतिदग्ध असे चार भेद सांगितले आहेत. आजचे डॉक्टर भाजण्याची खोली पाहतातच, पण क्षेत्रही मोजतात. रोग्याचा स्वतःचा बोटांसह तळहात म्हणजे अंगाचा सुमारें एक टक्का, हें माप घरींही लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

देहांतील पाणी जातें कोठें? इ. स. १९२१ मध्यें अमेरिकेंतील न्यू हेवन येथें रिआल्टो चित्रपटगृहास आग लागली. तेथील रोग्यांचा अभ्यास करून अंडरहिल यांनीं दाखविलें कीं, फोडांतील पाणी रक्तांतील द्रवासारखेंच असतें. म्हणजे रक्तच आपला पातळ भाग गमावून दाट होत असतें. याचें कारण शोथ. भाजलेल्या जागीं हिस्टामिनसारखीं द्रव्यें सुटतात, केशवाहिन्यांच्या भिंती सैल पडतात, आणि भाजणें मोठें असल्यास हा शोथ न भाजलेल्या अवयवांतही पसरतो. पाझरत्या माठासारखी ही स्थिति! ओतलें नाहीं तर मूत्रपिंडें बंद पडतात. वाटेल तेवढें ओतलें तर तेंच पाणी फुप्फुसांत, पोटांत, हातापायांत सांचून जिवावर बेततें.

बरें, ओतावयाचें काय? साध्या सलाइनमध्यें क्लोराइड रक्ताहून अधिक असतें; तें लिटरच्या लिटर गेलें कीं रक्ताची आम्लता वाढते. म्हणून बहुतेक ठिकाणीं ‘आर. एल.’, म्हणजे रिंगर लॅक्टेट, देतात. रिंगर हे लंडनचे. त्यांच्या द्रवांत लॅक्टेट मिसळण्याची कल्पना अमेरिकेंतील हार्टमन यांची. स्टार्चचे द्रव पाणी रक्तवाहिन्यांतच धरून ठेवतील अशी आशा होती. पण त्यांनीं मूत्रपिंडांस अपाय होतो असें दिसल्यावर २०१३ मध्यें युरोपच्या औषध-नियामकांनीं ते भाजलेल्यांस देऊं नयेत असें ठरविलें. अल्ब्युमिन केव्हां द्यावें यावर डॉक्टरांत अद्याप वाद आहे.

प्रमाणाचें सूत्र १९६८ मध्यें डलासच्या पार्कलँड रुग्णालयांतील बॅक्स्टर व शायर्स यांनीं मांडलें: वजनाच्या दर किलोस व भाजलेल्या दर टक्क्यास ४ मिलिलिटर, निम्में पहिल्या ८ तासांत, उरलेलें पुढील १६ तासांत. ५० किलोची स्त्री ४० टक्के भाजली तर दिवसाचें ८ लिटर. जन्मभर त्रैराशिकें शिकविल्यामुळें आम्हांस हें सूत्र आवडलें. पण त्यांतील मेख अशी कीं, हे ८ तास रुग्णालयांत पोहोंचल्यापासून नव्हे, भाजल्या क्षणापासून मोजावयाचे. वाहन मिळण्यांत ३ तास गेले तर पहिलें ४ लिटर उरलेल्या ५ तासांत बसवावें लागतें. म्हणून घरांतील कोणीतरी घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवावी. भाजलेल्या जागीं वीस मिनिटें नळाचें वाहतें पाणी सोडावें, बाकीचें अंग उबदार झांकावें; बर्फ अगर शाई लावूं नये, आणि या सगळ्यापायीं रुग्णालयास उशीर करूं नये.

सूत्र हा केवळ आरंभ होय. अलीकडे अनेक डॉक्टर ४ ऐवजीं २ मिलिलिटरपासूनच आरंभ करतात, आणि ताशी लघवी किती होते तें पाहून वेग कमीजास्त करतात. प्रौढास ती ३० ते ५० मिलिलिटर झाली म्हणजे पुरे. बाटलीचा वेग कमी केला म्हणून परिचारिकेशीं भांडणारे नातलग आम्हीं पाहिले आहेत. ती बिचारी त्या वेळीं लघवीचें मापच वाचीत असते.