वरूडची संत्री समुद्रात?

अकोला आणि वरूड या गावांची स्थाने जीपीएसने घ्या आणि मीटरमध्ये मांडा. अकोल्याचा पूर्व-निर्देशक सुमारे 709 किलोमीटर येतो, वरूडचा फक्त 217! दोन्ही आकडे एकाच आलेखावर बसवले, तर अकोल्याच्या पूर्वेचे वरूड पश्चिमेला थेट खंबातच्या आखाताशी जाऊन पडते.

यात यंत्राचा दोष नाही. 'यूटीएम' पद्धतीत पृथ्वीचे 6-6 अंशांचे 60 पट्टे पाडले आहेत. प्रत्येक पट्ट्याच्या मधल्या रेखावृत्ताला 500 किलोमीटर हाच आकडा देऊन मोजणी नव्याने सुरू होते. 43 वा पट्टा 78 अंश पूर्वेला संपतो, आणि ही रेषा जाते मोर्शीजवळून! अकोला व अमरावती शहर 43 व्या पट्ट्यात, तर वरूड 44 व्या.

मग अमरावती जिल्ह्याच्या नकाशाचे दोन तुकडे करावेत काय? माझ्या मते मुळीच नाही. सगळा जिल्हा 43 व्या पट्ट्यातच मांडावा. त्यामुळे वरूडकडील अंतरांत किलोमीटरमागे सुमारे 1 मीटर फरक पडेल. संत्र्याच्या बागा दाखवायला तो कोण विचारतो? (शेताच्या धुऱ्याचे भांडण असेल तर गोष्ट निराळी.)

शिक्षकांना एक विनंती. नकाशावर दिशा व प्रमाण नसले की आपण गुण कापतो. पट्टा क्रमांक लिहिला नसेल, किंवा मोजणी 'डब्ल्यूजीएस 84' या आधारावर आहे की जुन्या 'एव्हरेस्ट 1830' वर, हे सांगितले नसेल, तरीही कापावेत. या दोहोंत गल्लत झाली, तर आपल्याकडे विहीर शंभराहून अधिक मीटर सरकते.