कोयता गावाबाहेर असताना डोंगराचा ठराव नको!



‘सौताड्याचं महाबळेश्वर करू’ असं सांगणारे आपल्याला पाटोदा तालुक्यात दर काही वर्षांनी भेटतात. धबधबा आहे, दरी आहे, नायगावचे मोर आहेत. 17 सप्टेंबर 2025 पासून अहिल्यानगर ते बीड रेल्वेही धावू लागली. मग डोंगरावर रिसॉर्ट का नको, रोप-वे का नको? कुणी त्याच्याही पुढे जातो. दुबईच्या वाळवंटात 2005 पासून लोक मॉलमधल्या बर्फावर घसरतात, मग बालाघाटावर का नाही, असं पारावर बसून विचारतो. हसू नका. उद्या हाच प्रश्न एखादा सल्लागार रंगीत पुस्तिकेत छापून आणेल आणि आपण त्याला हार घालू.

आज पाटोद्याच्या डोंगरावर कुठली कंपनी येऊन बसली आहे, असं आमचं म्हणणं नाही. ती येईल तेव्हा पत्रक छापायला सवड मिळणार नाही, म्हणून आत्ताच लिहितो आहोत. आमचा विरोध पाहुण्यांना नाही. डोंगराचं पाणी आणि गायरान ज्यांचं आहे ते गावात नसताना त्यांच्या नावानं सह्या होऊ नयेत, एवढ्यासाठी हा खटाटोप आहे.

पाण्यापासून सुरू करू. आपल्या तालुक्यात पडलेल्या पावसाचे दोन वाटे होतात. एक वाटा मांजरेचा. ती आपल्याच डोंगरात उगवते, धनेगावच्या धरणातून लातूरची तहान भागवते आणि पुढे गोदावरीला मिळते. दुसरा वाटा विंचरणेचा. ती सौताड्याला रामेश्वराच्या दरीत उडी घेते आणि जामखेडकडून सीनेला, सीनेतून भीमेला जाते. म्हणजे आपण दोन खोऱ्यांच्या माथ्यावर बसलो आहोत आणि माथ्यावरच्या माणसाला पाणी कधीच पुरत नाही. पाऊस सरासरी सहाशे-सातशे मिलिमीटर, तोही आला तर. खाली काळा पाषाण. त्याच्या भेगांत आणि वरच्या मुरमात जेवढं मुरेल तेवढंच विहिरीला येतं. एप्रिल 2016 मध्ये मांजरेचं धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून पाणी न्यावं लागलं, हे देशानं पाहिलं. त्याच नदीचा उगम आपल्या उशाशी आहे.

आता बर्फाचा हिशोब करू, कारण बर्फावर घसरण्याचा खेळ हा डोंगरावरच्या रिसॉर्टचा सगळ्यात उधळा प्रकार. युरोपात आल्प्सच्या डोंगरांवर आता पुरेसा बर्फ पडत नाही, म्हणून पाणी फवारून तो तयार करतात. एका हेक्टरवर साधारण फूटभर थर द्यायला 10 लाख लिटर पाणी लागतं. म्हणजे 10 हजार लिटरचे 100 टँकर, एका हेक्टरला, एका थराला. जलजीवन मिशननं आपल्याला माणशी दररोज 55 लिटर ठरवून दिलं आहे. त्या मापानं दोन हजार वस्तीचं गाव तेवढ्या पाण्यावर नऊ दिवस काढतं. आपल्याकडे बर्फ कुणी करणार नाही, हे मान्य. पण पोहण्याचा तलाव, पावसासारखं पाणी सोडून त्याखाली नाचायची सोय, हिरवळ आणि खोलीगणिक टब, यांना पाणी कुठून येणार? बोअरमधून. आणि बोअर डोंगरमाथ्यावर सहाशे फूट गेली की खालच्या वस्तीची विहीर मार्चऐवजी जानेवारीत तळ दाखवते. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर घेता येत नाही, असा महाराष्ट्राचा भूजल कायदा सांगतो. हे अंतर मोजायला टेप घेऊन डोंगरावर गेलेला माणूस तुम्ही पाहिलाय का?

मनालीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. 2005 च्या अखेरीस हिमाचल सरकारनं मनालीजवळ बर्फावरच्या खेळांचं मोठं गाव वसवायचा करार केला. मागे होता मोटारवाल्या हेन्री फोर्डचा पणतू आल्फ्रेड फोर्ड. खर्च सुमारे तीस कोटी डॉलर, वर शिखराकडे जाणारा रोप-वे, खाली हॉटेलं आणि बंगले. कुल्लूच्या लोकांनी काय केलं? फेब्रुवारी 2006 मध्ये नग्गरला ‘जगती पूछ’ भरवली. गावोगावचे देव पालख्यांतून आले आणि त्यांनी ‘गुर’ म्हणजे अंगात येणाऱ्या पुजाऱ्यांच्या तोंडून कौल दिला : डोंगर द्यायचा नाही. कुणी याला अंधश्रद्धा म्हणेल. पण त्या कौलामागे गवताची, लाकडाची आणि झऱ्यांच्या पाण्याची भीती होती आणि ती अगदी व्यवहारी होती. प्रकरण उच्च न्यायालयातही गेलं. ते बर्फाचं गाव आजतागायत उभं राहिलेलं नाही. आपल्याकडे देव पालखीतून मतदानाला येत नाहीत. आपल्याकडे ग्रामसभा आहे. ती आपण किती वापरतो, ते पुढे बोलू.

दुसरी गोष्ट औलीची. उत्तराखंडात जोशीमठच्या वर औली आहे. बर्फावर घसरण्यासाठी देशात नावाजलेली जागा. जोशीमठ ते औली रोप-वे चार किलोमीटरचा. जोशीमठ जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसलंय, तिथं जड बांधकाम करू नका, असं सरकारच्याच मिश्रा समितीनं 1976 मध्ये सांगितलं होतं. ऐकलं कुणी? रस्ते रुंद झाले, वीजप्रकल्पाचा बोगदा खणला गेला, हॉटेलांवर मजले चढले, सांडपाण्याला गटार नाही. जानेवारी 2023 मध्ये घरांना भेगा पडल्या, मलारी इन आणि माउंट व्ह्यू ही दोन हॉटेलं एकमेकांवर झुकली आणि पाडावी लागली, रोप-वे बंद पडला. पुढच्याच महिन्यातल्या औलीच्या राष्ट्रीय स्पर्धा रद्द झाल्या, कारण बर्फच पुरेसा नव्हता. कृत्रिम बर्फासाठी तिथे खास तळं बांधलं आहे, यंत्रं आणली आहेत, तरीही. आणि 2019 मध्ये दक्षिण आफ्रिकेत धंदा करणाऱ्या गुप्ता कुटुंबाच्या दोन मुलांची लग्नं तिथे झाली, तेव्हा मागे शेकडो क्विंटल कचरा उरला. मामला थेट उच्च न्यायालयात गेला. वऱ्हाड गेलं, उकिरडा जोशीमठकरांचा.

एवढ्या लांब जायला नको असेल तर मुळशीला चला. राज्य सरकारनं 1996 मध्ये खासगी हिल स्टेशनांसाठी नियम केले आणि त्यातून वरसगाव धरणाच्या काठी लवासा उभं राहिलं. ज्या तालुक्यानं 1921 साली सेनापती बापटांच्या मागे उभं राहून टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, त्याच तालुक्यात. 2008 मध्ये तर कंपनीलाच नियोजन प्राधिकरणाचे अधिकार मिळाले. म्हणजे नकाशा काढणारी तीच आणि मंजूर करणारीही तीच! नोव्हेंबर 2010 मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं काम थांबवायची नोटीस दिली, वर्षभरानं अटी घालून परवानगी दिली आणि 2018 मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या कोर्टात गेली. ज्यांनी जमिनी विकल्या त्यांचा पैसा संपला आणि ज्यांनी फ्लॅट घेतले ते तारखा मोजत बसले. नियमाप्रमाणे सगळं झालं, असं तेव्हाही सांगितलं जात होतं, हे विसरू नका.

खुद्द महाबळेश्वरचं बोलायचं तर तिथे पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. आपल्या सात-आठपट. तरी केंद्राला 17 जानेवारी 2001 रोजी महाबळेश्वर-पाचगणी पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर करून बांधकामाला लगाम घालावा लागला. आता शेजारच्या डोंगरांत ‘नवीन महाबळेश्वर’ आखलं जातंय. सुरुवात 235 गावांनी झाली, पुढे आणखी 294 गावं जोडली. इतक्या पावसाच्या मुलखात लोक हरकती घेऊन उभे आहेत आणि सहाशे मिलिमीटरवाल्यांना त्याच गावाचं स्वप्न विकलं जातं!

कागदाचं एक कलम प्रत्येकानं माहीत करून घ्यावं. मराठवाड्याला जो कूळकायदा लागू आहे तो हैदराबाद राज्याच्या काळातला, 1950 चा. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकायला त्यात बंधन आहे. पण सरकारनं एखादी जागा पर्यटनस्थळ किंवा हिल स्टेशन म्हणून अधिसूचित केली, की तिथं पर्यटनाच्या धंद्यासाठी जमीन घेणाऱ्याला या बंधनातून वाट करून दिलेली आहे. म्हणून ‘आमच्या गावाला हिल स्टेशनचा दर्जा द्या’ अशी मागणी करणारा निवेदनाचा कागद सहीसाठी पुढे आला तर आधी विचारा, दर्जा गावाला मिळणार की जमिनीला? गायरानाबाबत सर्वोच्च न्यायालयानं 28 जानेवारी 2011 रोजी जगपाल सिंग प्रकरणात निकाल दिला. त्याला धरून राज्यानं त्याच वर्षी 12 जुलैला शासन निर्णय काढला. गायरान खासगी धंद्याला देता येत नाही. हा निर्णय ग्रामपंचायतीच्या कपाटात असायला हवा. नसेल तर मागा.

आता मुद्द्यावर येतो. दसरा झाला की ऊसतोडीसाठी आपल्या तालुक्यातली गावं रिकामी होतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. बैलगाडीत नाहीतर ट्रॅक्टरमध्ये भांडी, पीठ, कोंबड्या, लेकरं भरून कोयते पश्चिम महाराष्ट्राला, कर्नाटकाला निघतात. घरी उरतात म्हातारी माणसं, शाळेसाठी आजीकडे ठेवलेली पोरं आणि पुढारी. पाडव्याच्या सुमारास फड संपतो तेव्हा माणसं परततात. वर्षातून ग्रामसभा चार ठरलेल्या : 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर. गणपूर्तीला एकूण मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100 जण, यापैकी जे कमी असेल तेवढे पुरतात. तेही जमले नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीच लागत नाही. आता जानेवारीतलं गाव डोळ्यांपुढे आणा. निम्मे मतदार साताऱ्याच्या फडात ओल्या पाचटावर उभे आहेत आणि इकडे पाच-पंचवीस माणसांनी टाळ्या वाजवून डोंगराचा ठराव मंजूर केला आहे. यात कायदा मोडत नाही. कुणाला दोषही देता येत नाही. माणसं परत येतात तेव्हा वाटेवर तारेचं कुंपण असतं.

हे मनचं नाही. पवनचक्क्या आल्या तेव्हा करारनामा किती जणांनी सही करण्याआधी वाचला? भाडं किती वर्षांचं, रस्त्यासाठी फोडलेला बांध कोण घालून देणार, धंदा दुसऱ्या कंपनीनं घेतला तर आपण कुणाकडे जायचं, हे विचारायला तेव्हा वेळ नव्हता. उसाच्या गाड्या उभ्या होत्या.

मग डोंगरानं आपल्याला काहीच देऊ नये का? द्यावं, आणि ते देतोही आहे. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या बाया ते डोळे उघडलेलं, म्हणजे खवल्यांच्या मधल्या रेघा पांढरट पिवळ्या झालेलं फळ ओळखून तोडतात, पाटीत पाला घालून एकेक मांडतात आणि रस्त्याच्या कडेला बसतात. गाडीवाला काच खाली करून निम्म्या भावात मागतो. दोन दिवसांत विकलं नाही तर फळ मऊ पडतं, म्हणून बाई देऊन टाकते. या बाईला सौताड्याच्या वाहनतळाजवळ एक पक्का ओटा, सावली आणि गर काढून ठेवायला शीतपेटी मिळाली तर ते पर्यटन नव्हे काय? राज्याचं 2020 चं कृषी पर्यटन धोरण एक एकरवाल्या शेतकऱ्यालाही पाहुणे ठेवायची मुभा देतं. दोन खोल्या, संडास, चुलीवरची भाकरी, पिठलं आणि ठेचा. पावसाळ्यातले तीन-चार महिने दरीवर उभं राहायला लोक येतातच. त्यांना धबधब्याच्या कड्याला भक्कम कठडा हवा, उतरायला धड पायऱ्या हव्यात, कचऱ्याला डबे आणि ते उचलणारा माणूस हवा. त्यासाठी डोंगर विकावा लागत नाही. नायगावचं अभयारण्य 1994 पासून मोरांसाठी राखलेलं आहे. त्याच्या कडेला रात्रभर दिवे आणि डीजे लावले तर मोर बघायला येणाऱ्यांना मोरांची चित्रंच दाखवावी लागतील.

पाटोदा म्हटलं की बाहेरच्यांना संभाजीनगरजवळचं, भास्करराव पेरे पाटलांचं पाटोदा आधी आठवतं. आठवू द्या. त्या गावानं पाण्याचा आणि कचऱ्याचा हिशोब गावात बसून केला म्हणून त्याचं नाव झालं. नाव सारखं आहे, तर एवढी एक गोष्ट उसनी घ्यायला हरकत नाही.

आमचं मागणं थोडकं आहे. दसरा ते पाडवा या काळात डोंगर, गायरान किंवा पाण्याचा स्रोत यांच्याबद्दल कुठलाही ठराव, ना-हरकत किंवा दर्जाची मागणी कोणत्याही ग्रामपंचायतीनं करू नये. असा विषय आला तर आधी महिला सभेत यावा, त्याचा नकाशा आणि पाण्याचा हिशोब मराठीत पंधरा दिवस चावडीवर लावावा आणि सभा तहकूब करून तो मंजूर करू नये. एवढं पाळलं की कुणीही खुशाल यावं, बसून बोलावं. पाणी आम्ही आमच्या हातानं पाजू.

2 ऑक्टोबरची ग्रामसभा ही टोळ्या निघण्याआधीची शेवटची. त्या दिवशी उचलीचे पैसे मोजायचं काम संध्याकाळवर टाका आणि सकाळी सभेला या. वरचं मागणं ठराव म्हणून मांडा, इतिवृत्तात लिहून घ्या, सही करण्याआधी वाचून घ्या आणि ठरावाची नक्कल मागून घ्या. हे पत्रक वाचून झालं की आपल्या मुकादमाला आणि टोळीतल्या शिकलेल्या पोराला द्या. फडावर गेल्यावर गावातून ‘सभा आहे’ असा फोन आला तर काय विचारायचं, ते त्यांना ठाऊक असलं पाहिजे.

आपले,
पाटोदा तालुक्यातील शेतकरी आणि ऊसतोड कुटुंबं