विश्लेषण : पीएफमध्ये जास्तीचे पैसे टाकताना अडीच लाखांची मर्यादा का महत्त्वाची?

नवी मुंबईत ऐरोली, महापे, घणसोलीच्या आयटी कंपन्यांत आर्थिक वर्ष सुरू होताना एचआरचा ईमेल येतो : ‘व्हीपीएफ किती कापायचा?’ अनेक जण गेल्या वर्षीचाच आकडा भरून मोकळे होतात. दरम्यान मूळ वेतन वाढलं असेल, तर याच सवयीमुळे करमुक्त बचतीवर कर लागू शकतो.

मर्यादा नेमकी कशावर?

१ एप्रिल २०२१ पासून कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या पीएफ आणि व्हीपीएफची बेरीज वर्षाला २.५ लाख रुपयांपुढे गेली, तर वरच्या रकमेवरचं व्याज करपात्र ठरतं. कंपनीचा हिस्सा यात धरला जात नाही. वरच्या रकमेचा हिशेब वेगळा ठेवला जातो आणि पैसे काढले नाहीत तरी तिच्या व्याजावर दरवर्षी कर लागतो.

वेतन बदललं तर काय होतं?

समजा, मूळ वेतन महिना १ लाख रुपये आहे. १२ टक्क्यांनी वर्षाचा पीएफ १.४४ लाख होतो. म्हणजे व्हीपीएफसाठी १.०६ लाख, महिन्याला साधारण ८,८०० रुपये उरतात. मूळ वेतन सव्वा लाख झालं, की पीएफ १.८० लाखांवर जातो. व्हीपीएफ तोच राहिला, तर एकूण रक्कम २,८५,६०० होते. म्हणजे ३५,६०० रुपये मर्यादेबाहेर.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून कामगार संहिता लागू झाल्याने हा हिशेब पुन्हा तपासावा लागेल. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर वरचा भाग ‘वेतना’त धरला जातो. मात्र पीएफ १५,००० रुपयांच्या वैधानिक मर्यादेवरच कापला जात असेल, तर कपात बदलत नाही.

मर्यादेवरचे पैसे कुठे ठेवावेत?

२०२४-२५ साठी पीएफचा व्याजदर ८.२५ टक्के होता. ३० टक्क्यांच्या टप्प्यात सेस धरून कर भरल्यावर वरच्या रकमेवर हातात सुमारे ५.७ टक्के पडतात. पीपीएफचे ७.१ टक्के पूर्ण करमुक्त आहेत. त्यामुळे अडीच लाखांपर्यंत व्हीपीएफ सरस, त्यापुढे पीपीएफ. पण पीपीएफमध्ये वर्षाला दीड लाखच भरता येतात आणि मुदत १५ वर्षांची असते.

कर आज भरायचा की उद्या?

नव्या करप्रणालीत पीएफ-पीपीएफमध्ये स्वतः भरलेल्या रकमेवर वजावट नाही. कर आज भरायचा, मुदतीनंतरची रक्कम करमुक्त. कंपनीने एनपीएसमध्ये भरलेल्या रकमेचं उलट आहे. मूळ वेतनाच्या १४ टक्क्यांपर्यंत आज कर नाही, पण पुढे मिळणारी पेन्शन करपात्र असते. अमेरिकेतल्या नोकरदारांपुढे ‘४०१(के)’मध्ये पारंपरिक आणि ‘रॉथ’ खात्यांची निवड असते, ती याच धर्तीची.

निवृत्तीनंतर उत्पन्न कमी होऊन कराचा टप्पा खाली येणार असेल, तर एनपीएसकडे झुकणं फायद्याचं. आज टप्पा खालचा असेल, तर आत्ताच कर भरून टाकणं बरं.

दोन्हींत विभागणी करायची असली तरी आधी पगारपत्रक काढा. स्वतःचा वर्षाचा पीएफ २.५ लाखांतून वजा करा आणि उरलेल्याला १२ ने भागा. एचआरच्या फॉर्ममध्ये भरायचा व्हीपीएफचा आकडा यापेक्षा मोठा नसावा.