पट्टी कोणाची?

२०१७ च्या नोव्हेंबरात आपल्या हैदराबादेत जागतिक उद्योजकता परिषद भरली, तीत स्त्रियांना अग्रमान होता. पुढल्याच वर्षी तेलंगण सरकारने स्त्री-उद्योजकांसाठी ‘वी हब’ काढले. चांगलेच झाले. परदेशांशी व्यवहार करणाऱ्या स्त्रियांना नेतृत्व शिकवणारे वर्गही हल्ली निघतात. माझी एक जुनी विद्यार्थिनी अशाच एका वर्गाला जाऊन आली. तिला सांगण्यात आले, आवाज खाली आणा, म्हणजे बैठकीत वजन पडते.

गाण्याच्या मास्तराला हे कसे पटावे? स्त्रीचा षड्ज बहुधा काळी चारच्या आसपास लागतो, पुरुषाचा काळी एक-दोनला. तिला त्याच्या पट्टीत बसवले की आवाज दबतो, आणि दोष मात्र गळ्याला! पं. जसराजांनी मूर्च्छनेच्या आधाराने यावर तोड काढली. त्यांच्या ‘जसरंगी’त स्त्री-पुरुष आपापल्या पट्टीत निरनिराळे राग एकत्र गातात; त्याचा मध्यम तोच तिचा षड्ज. पट्टी कोणीच सोडत नाही, पण दोघांनाही सारखे कान द्यावे लागतात. माझे वडील दरबारी गवई. दरबाराचा अदब त्यांनी पाळला. षड्ज मात्र स्वतःचाच ठेवला.

शिवाय घरात मराठी, सुलतान बाजारात दखनी आणि शेजारी तेलुगू बोलणाऱ्या आपल्या लेकीसुनांना परक्या रीतीभाती नव्याने काय शिकवणार? वर्ग चालवणाऱ्यांनी पुढल्या खेपेस त्या बैठकीतल्या पुरुषांना आणि त्यांच्या परदेशी साहेबांनाही विद्यार्थी म्हणून बसवावे. फी तीच घ्यावी.