बदलापूरचं रेल रोको ते फ्लोरा फाउंटनचा गोळीबार: आंदोलन पांगवताना पोलिसांच्या बळाला मर्यादा असते का?

२० ऑगस्ट २०२४. बदलापूर स्टेशनात सकाळीच हजारो लोक रुळांवर उतरले. शाळेत दोन चिमुकल्यांवर अत्याचार झाला होता आणि तक्रार नोंदवून घ्यायलाच पोलिसांनी उशीर केल्याचा संताप होता. अंबरनाथ ते कर्जत लोकल तासन्‌तास ठप्प झाल्या. दगडफेक झाली. संध्याकाळी लाठीमार करून रूळ मोकळे करण्यात आले आणि शेकडो जणांवर गुन्हे दाखल झाले.

तेव्हापासून वाद सुरू आहे: लाठीमार गरजेचा होता की न्याय मागणाऱ्यांनाच मारलं?

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही.

१९५५ मध्ये काय घडलं होतं?

मुंबईसह मराठी भाषकांचं एक राज्य हवं, ही संयुक्त महाराष्ट्राची मागणी होती. काँग्रेस नेतृत्वाकडून मात्र मुंबई वेगळी ठेवण्याचा प्रस्ताव पुढे आला. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी कामगारांनी संप पुकारला आणि मोर्चे विधिमंडळाकडे निघाले. फ्लोरा फाउंटनजवळ पोलिसांनी गोळीबार केला. त्या दिवशी १५ जणांचा जीव गेला. मुख्यमंत्री होते मोरारजी देसाई.

जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली आणि पुन्हा गोळीबार झाले. आंदोलनातल्या हुतात्म्यांची संख्या शंभरावर गेली. न्यायालयीन चौकशीची मागणी सरकारने मान्य केली नाही. केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी त्याच वर्षी राजीनामा दिला, त्यामागे हेही एक कारण होतं.

गोळ्यांनी मागणी संपली का? नाही. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. फ्लोरा फाउंटनचा परिसर आज हुतात्मा चौक म्हणून ओळखला जातो. आणि ज्या इमारतीत तेव्हा विधिमंडळ भरायचं, तिथे आता राज्याचं पोलिस मुख्यालय आहे.

कायदा काय सांगतो?

राज्यघटनेचं कलम १९ शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र येण्याचा हक्क देतं. सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८ नुसार जमावाला पांगण्याचा आदेश देता येतो. जमाव हटला नाही, किंवा हटणारच नाही असं त्याच्या वागण्यातून दिसलं, तर बळ वापरता येतं.

पण किती बळ? २०१२ मध्ये रामलीला मैदान प्रकरणात सुप्रीम कोर्टाने झोपलेल्या आंदोलकांवर मध्यरात्री झालेली पोलिस कारवाई हक्कांचं उल्लंघन ठरवली. म्हणजेच 'आदेश होता' एवढं उत्तर पुरत नाही.

मग बदलापूरचं काय?

दोन्ही घटना सारख्या नाहीत. बदलापुरात गोळीबार झाला नाही, आणि दगडफेक हा गुन्हाच आहे. पण दगड मारणारा आणि नुसता घोषणा देत उभा असलेला, यांत फरक करणं हे पोलिसांचं काम आहे. तो फरक झाला का, हे चौकशीतूनच कळू शकतं. १९५५-५६ च्या गोळीबारांनंतर नाकारली गेली ती नेमकी हीच गोष्ट.

बदलापूरच्या प्रकरणाची मुंबई हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली, तक्रारीतल्या दिरंगाईवरून पोलिसांना फटकारलं. पण हे सगळं लोक रुळांवर उतरल्यानंतर झालं. तक्रार वेळेत घेतली गेली असती, तर लाठी उगारायची वेळ आली असती का?