कुंडीतला घायपात

घायपात आपल्याला बांधावरचे कुंपण आणि दोर यांमुळे ठाऊक. मूळ मेक्सिकोकडच्या या कुळातल्या डोंगरी, काटेरी जाती आता हौसेने कुंडीत लावतात. भंडाऱ्यात त्यांना उन्हापेक्षा पावसाचा धोका मोठा. धानाच्या बांधीतली चिकण माती पाणी धरते आणि मुळे कुजतात. म्हणून आम्ही सुचवतो : तळाला भोक असलेली मातीची कुंडी घ्या; निम्मी माती, निम्मी जाड रेती व विटांचे बारीक तुकडे भरा. पावसाळाभर कुंडी उजेडाच्या छपरीत ठेवा. एरवी माती पूर्ण वाळल्याशिवाय पाणी देऊ नका. पानाच्या टोकाचा काटा लहानग्यांच्या डोळ्यांना घातक. कुंडी येण्याजाण्याच्या वाटेवर नको. चिकाने अंगाला खाज सुटते. पान कापताना हातमोजे घाला.