आधी स्टूल पुढे ओढा

2020 साली रोहा आणि पेण तालुक्यांत दोन मुलींवर अत्याचार करून त्यांचे खून झाले, तेव्हा सारा रायगड हादरला. पण जी वाचते, ती गाजावाजा न होता उपजिल्हा रुग्णालयाच्या बाकावर आईचा पदर धरून बसलेली असते. पोलिसांना सांगितलेलं सगळं तिला पुन्हा सांगायचं असतं, आणि समोर बहुधा नुकताच एमबीबीएस झालेला डॉक्टर असतो.

त्याला हाडं जोडायला शिकवलं, पण अशा मुलीशी कसं बोलावं, हे कुणी शिकवलं? ‘एकटी का गेली होतीस?’ हा प्रश्न तपासणीचा नाहीच. दार लावून घ्यावं, स्टूल ओढून तिच्या उंचीला बसावं, आपलं नाव सांगावं. प्रत्येक टप्प्याआधी विचारावं, आणि ती ‘नको’ म्हणाली तर थांबावं. तपासणी नाकारली तरी उपचार मिळतातच, तेही मोफत, हे तिला आधीच सांगावं.

सेवाग्रामच्या डॉ. इंद्रजित खांडेकरांनी 2010 मध्येच ‘टू-फिंगर’ चाचणीविरुद्ध, म्हणजे अत्याचार झालेल्या स्त्रीची योनी दोन बोटांनी तपासण्याच्या अवैज्ञानिक पद्धतीविरुद्ध, आवाज उठवला होता. 31 ऑक्टोबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती अभ्यासक्रमातूनही काढायला सांगितली. चुकीचं काढलं, पण त्या जागी बरोबर काय ते हाताला धरून शिकवायला हवं. मुंबईत ‘सेहत’ संस्था 2008 पासून महापालिकेच्या रुग्णालयांत हेच काम करते आहे.

आता अलिबागला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या मुलांना हा सराव पेण-रोह्याच्या नर्सताईंसोबत, आगरी-कातकरी बोलीतले शब्द समजून घेत करायला मिळावा, ही आमची कळकळीची मागणी आहे.